हिरव्या मेजावरील पन्नाशी

2025 सालच्या मे महिन्यातील गोष्ट. शाळेला सुट्टी लागली होती. निकालपत्रके संगणकावर भरण्याचे काम आम्ही दरवर्षीप्रमाणे एका तरुण सहकाऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे झालो होतो. "आता आमचे वय झाले," एवढे म्हटले की अशा कामांतून सुटका होते, हा आमचा काही वर्षांचा अनुभव. त्या दिवशी रात्री उशिरा आमचे चिरंजीव इंग्लंडमधील शेफिल्ड येथे चाललेला जागतिक स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना पाहत बसले होते. आम्हीही सहज शेजारी टेकलो. एका बाजूस चीनचा झाओ शिनटाँग, वय 28. दुसऱ्या बाजूस वेल्सचा मार्क विल्यम्स, वय 50. चिरंजीव हसून म्हणाले, "बाबा, हे तर तुमच्याच बरोबरीचे दिसतात!" आम्ही तत्काळ विल्यम्सची बाजू घेतली, हे सांगावयास नकोच.

ज्या वयात क्रिकेटपटूंचे समालोचक होतात आणि धावपटूंचे प्रशिक्षक, त्या वयात हा गृहस्थ जगज्जेतेपदाच्या अंतिम सामन्यात उभा कसा, या कुतूहलापायी आम्ही या खेळाची थोडी माहिती मिळविली. ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक कौतुकाची बाब. हा खेळ जन्मला तो विलायतेत नव्हे, तर आपल्या जबलपूरच्या छावणीत. 1875 साली पावसाळ्याच्या दिवसांत तेथील लष्करी अधिकारी बिलियर्ड्सच्या मेजावर वेळ घालवीत असता नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने हा नवा प्रकार काढला, असे सांगतात. पुढे उटकमंडच्या क्लबात 1882 साली त्याचे नियम मांडले गेले. लष्करी शाळेतील नवशिक्या पोरांना त्या काळी 'स्नूकर' म्हणत. तेच नाव खेळास चिकटले.

बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असे हिरव्या बनातीचे मेज. त्यावर पंधरा तांबडे आणि सहा इतर रंगांचे चेंडू. पांढऱ्या चेंडूने एक तांबडा, मग एक रंगीत, पुन्हा एक तांबडा, या क्रमाने ते पॉकेटात घालावयाचे. तांबड्यास एक गुण, काळ्यास सात. ज्यांनी कॅरम खेळला आहे त्यांना यातील मर्म लगेच उमगेल : सोंगटी घालविणे ही अर्धी कला, पुढच्या सोंगटीसाठी स्ट्रायकर कोठे यावा, हे आधी ठरविणे ही उरलेली अर्धी. येथे धावपळ नाही, दमछाक नाही. पण प्रतिस्पर्ध्याची खेळी चालू असता खुर्चीत बसून मुकाट्याने पाहत राहावे लागते. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना पस्तीस डावांचा असतो आणि दोन दिवस चालतो. तेव्हा हाताइतकीच परीक्षा मनाचीही होते.

मग वय येथे आड येत नाही काय? येते, आणि ते प्रथम डोळ्यांतून येते. हनुवटी क्यूला टेकवून बारा फूट पलीकडचा चेंडू न्याहाळावयाचा असतो. मान खाली, नजर वर. साध्या चष्म्याची वरची कड नेमकी आड येते. फ्रेड डेव्हिस या जुन्या खेळाडूने त्यासाठी भिंगे फिरविता येतील असा चष्मा करून घेतला होता. 1985 साली शेवटच्या डावातील शेवटच्या काळ्या चेंडूवर जगज्जेता झालेल्या डेनिस टेलरचा भला मोठा, उलटा लावल्यासारखा दिसणारा चष्मा तर सर्वतोमुखी झाला. डोळ्यांनंतर पाळी हाताची. ज्या हाताने हजारो वेळा क्यू सरळ सोडला, तोच ऐनवेळी अडखळू लागतो.

तरीही 1978 साली हाच फ्रेड डेव्हिस वयाच्या 64व्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत खेळला, आणि त्या वर्षी विजेता ठरला 45 वर्षांचा रे रिअर्डन. रिअर्डन पूर्वी कोळशाच्या खाणीत कामगार होता, पुढे पोलिसात शिपाई. व्यावसायिक खेळाडू झाला तोच मुळी पस्तिशीच्या सुमारास. अर्थात त्या काळी व्यावसायिक खेळाडू मूठभर होते. 1957 नंतर काही वर्षे जागतिक स्पर्धाच बंद पडली होती, त्यामुळे ज्येष्ठांना आव्हान देणारी तरुण फळी तयार झाली नव्हती. मग रंगीत दूरचित्रवाणी आली, तिच्यामागोमाग पैसा आला आणि पैशामागून पोरे आली. 1990 साली स्कॉटलंडचा स्टीफन हेंड्री अवघ्या एकविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. ज्येष्ठांचे दिवस संपले, असे तेव्हा कोणालाही वाटले असते.

परंतु घडले निराळेच. 1992 साली रॉनी ओ'सुलिव्हन, जॉन हिगिन्स आणि मार्क विल्यम्स हे तिघे व्यावसायिक झाले. तिघांचाही जन्म 1975 चा. हे तिघेही पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत मोठमोठ्या स्पर्धा जिंकत राहिले, आणि तेही खेळाडूंची गर्दी झालेल्या काळात. हे कसे साधले असेल?

याचे उत्तर आम्हांस दोन प्रसंगांत सापडले. ओ'सुलिव्हनच्या हातात विलक्षण वेग; 1997 साली त्याने 147 ही सर्वोच्च खेळी सुमारे सव्वापाच मिनिटांत केली होती. असा हा वीर 28 वर्षांचा असताना 71 वर्षांच्या रिअर्डनकडे सल्ल्यासाठी गेला. म्हाताऱ्याने त्याला आक्रमण शिकविले नाही. बचाव शिकविला, वाट पाहणे शिकविले. 2004 साली ओ'सुलिव्हन दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. आणि 2022 साली वयाच्या 46व्या वर्षी तो सातव्यांदा जगज्जेता झाला, तेव्हा सर्वांत वयस्क विजेत्याचा 44 वर्षे टिकलेला विक्रम मोडला गेला. तो विक्रम होता रिअर्डनचा! शिष्याकडून हरण्याची इच्छा गुरूने धरावी, असे आपल्याकडे म्हणतात. रिअर्डनने ते डोळ्यांनी पाहिले. 2024 साली 91व्या वर्षी तो निवर्तला.

दुसरा प्रसंग विल्यम्सचा. दोनदा जगज्जेता झालेला हा खेळाडू 2017 साली शेफिल्डच्या मुख्य फेरीसही पात्र ठरला नाही. खेळ सोडण्याचा विचार त्याच्या मनात घोळू लागला. पत्नीने त्याला थोपविले. मग बेचाळिसाव्या वर्षी त्याने नवा प्रशिक्षक धरला आणि मेजाशी उभे कसे राहावे, नेम कसा धरावा, येथपासून पुन्हा धडे गिरविले. पुढच्याच वर्षी तो तिसऱ्यांदा जगज्जेता झाला.

मात्र इच्छा धरली म्हणजे सर्वांनाच यश येते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. सात वेळा जगज्जेता झालेल्या हेंड्रीचा हातच त्याला दगा देऊ लागला. 2012 साली 43व्या वर्षी तो निवृत्त झाला. पुढे काही वर्षांनी परतला, पण पूर्वीचे यश परतले नाही. काळ कोणाचाही कायमचा मिंधा नसतो.

त्या मे महिन्यातील सामन्यातही तेच झाले. झाओने उपांत्य फेरीत ओ'सुलिव्हनला 17-7 असे हरविले होते. अंतिम फेरीत विल्यम्सला 18-12 असे हरवून तो आशियाचा पहिला जगज्जेता ठरला. हे दोघे व्यावसायिक झाले तेव्हा झाओचा जन्मही झाला नव्हता. चिरंजीव आनंदले, आम्ही थोडे खट्टू झालो. पण विल्यम्सचा चेहरा पाहिला, तर त्यावर लाज नव्हती. पन्नासाव्या वर्षी हरावयासाठीसुद्धा तेथवर पोचावे लागते, हे त्याला ठाऊक होते. आम्ही मात्र कित्येक वर्षे मेजापाशी न जाताच हरत आलो होतो.

शाळा उघडल्यावर आम्ही त्या तरुण सहकाऱ्यास बोलाविले आणि म्हटले, "गुरुजी, यंदा ती गुणांची नोंद आम्हांस शिकवा." ते चपापले, चेष्टा तर नव्हे ना, अशा नजरेने त्यांनी आमच्याकडे पाहिले. मग खुर्ची ओढून शेजारी बसले. पहिल्या दिवशी आम्ही एका वर्गाचे गुण दोनदा पुसले. त्यांनी कपाळाला आठी न घालता ते तिसऱ्यांदा भरून घेतले. स्नूकर म्हणजे नवशिका, हा अर्थ तेव्हा आम्हांस आठवला. या वयात ती पदवी मिळाल्याचे आम्हांस मुळीच वाईट वाटले नाही.