समुद्रातले अन्न (लेखांक ५) : तपकिरी शैवाल आणि आयोडीन

तपकिरी समुद्रशैवालात हरितद्रव्य असतेच, पण फ्युकोझॅन्थिन या रंगद्रव्यामुळे त्याचा हिरवेपणा झाकला जातो. जपानी स्वयंपाकातले कोम्बू आणि वाकामे याच गटातले. होक्काइदोच्या थंड समुद्रातून काढलेले कोम्बू वाळवून त्याच्या पट्ट्या ठेवतात आणि त्या पाण्यात भिजवून किंवा मंद उकळून ‘दाशी’ हे सार करतात. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बूतूनच ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले.

या शैवालात पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम भरपूर असते. मात्र वाळलेले शैवाल एका वेळी चार-पाच ग्रॅमच खाल्ले जाते, त्यामुळे या क्षारांचा फार गवगवा करण्यात अर्थ नाही. त्याचे खरे महत्त्व आयोडीनमध्ये आहे. समुद्राच्या पाण्यात अत्यल्प असलेले हे मूलद्रव्य कोम्बू आपल्या पेशींत हजारो पटींनी साठवते. आयोडीनचा शोधही शैवालाच्या राखेतूनच लागला. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बेर्नार कुर्त्वा सोरा तयार करत होते. राखेच्या द्रावणात गंधकाम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ उठली. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर कॉइंदे यांनी गलगंडावर आयोडीन देण्यास सुरुवात केली.

थायरॉइड ग्रंथीची संप्रेरके आयोडीनशिवाय बनत नाहीत. गर्भाच्या आणि तान्ह्या बाळाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकांवर अवलंबून असते. कोरियात बाळंतिणीला वाकामेचे सार देण्याची जुनी रीत आहे.

प्रश्न मात्रेचा आहे. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, तर एक ग्रॅम वाळलेल्या कोम्बूत ते २,००० मायक्रोग्रॅमहूनही अधिक असू शकते. अतिरिक्त आयोडीनने काहींची थायरॉइड मंदावते, तर काहींची अतिसक्रिय होते. कोम्बू उकळले की त्यातले बरेचसे आयोडीन पाण्यात उतरते. ते पाणी टाकून दिले, तरच मात्रा घटते. सार करून प्यायले तर आयोडीनही पोटात जाते. वाकामेत त्याचे प्रमाण बरेच कमी असल्याने नेहमीच्या खाण्यासाठी तेच अधिक योग्य.

दुसरा गुण तंतूंचा. पेशीभित्तीतील अल्जिनेट पोटात जेलीसारखे घट्ट होते, त्यामुळे अन्न हळूहळू पुढे सरकते आणि लवकर भूक लागत नाही. फ्युकोइडान या घटकाच्या कर्करोगविरोधी गुणांचा मोठा बोलबाला आहे, पण त्याचे बहुतांश पुरावे प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे आणि प्राण्यांवरचे आहेत. रुग्णाने त्यावर विसंबून उपचार थांबवू नयेत.

हिजिकी ही जात मात्र टाळावी. तिच्यात अकार्बनी आर्सेनिक जास्त आढळल्याने ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ती न खाण्याचा सल्ला दिला आहे.

कोकण किनाऱ्याच्या खडकांवर सरगॅसम हे तपकिरी शैवाल वाढते, पण ते इथल्या जेवणात आलेले नाही. आयोडीनयुक्त मीठ घरोघरी असल्याने आयोडीनसाठी शैवालाच्या गोळ्या घेण्याचे सहसा कारण उरत नाही. थायरॉइडचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.