विश्लेषण : तान्हे बाळ रात्री का जागते? झोपेची सवय कधी लागते?

रात्रीचे अडीच वाजलेत, दूध पिऊन झाले, लंगोट बदलून झाला, तरी बाळ टक्क जागे. अशा वेळी घरात सल्ल्यांना तोटा नसतो. ‘गुटीत जायफळाचा एक वेढा वाढव’, ‘पालथे झोपवून बघ’, ‘तूच सवय बिघडवलीस’... यातला शेवटचा सल्ला चुकीचा आहे, तर पहिले दोन धोक्याचे.

बाळाची झोप वेगळी कशी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिले तीन महिने बाळाला दिवसभरात १४ ते १७ तास आणि ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास झोप हवी. झोप भरपूर असते, पण तुकड्यातुकड्यांत. पोट लहान असल्याने दर दोन-तीन तासांनी भूक लागते. शिवाय नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप ‘सक्रिय’ असते. त्यात ते कुरकुरते, हातपाय हलवते, तोंड वेडेवाकडे करते. ते जागे झाले समजून लगेच उचलले, तर मात्र खरेच जागे होते. त्यामुळे मिनिटभर थांबून बघावे.

रात्रीचा दिवस का होतो?

जन्मतः बाळाचे जैविक घड्याळ चालू झालेले नसते. झोपेचे संप्रेरक मेलाटोनिन ठरावीक वेळी तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात. तोपर्यंत मदत उजेडाची. दिवसा खिडक्या उघड्या, घरात नेहमीचा आवाज. रात्री मंद दिवा, बोलणे-खेळवणे बंद. दूध पाजताना मोबाइलचा उजेडही नको.

सवय कधीपासून?

तीन-चार महिन्यांनंतर. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने अंग पुसणे, सुती कपडे, दूध, अंगाई आणि मग पेंगुळलेल्या, पण पूर्ण न झोपलेल्या बाळाला अंथरुणावर ठेवणे. यामागचे कारण साधे आहे. झोपेचे एक चक्र संपले की बाळ क्षणभर जागे होते. मांडीवर झुलत झोपलेले बाळ त्या वेळी पुन्हा मांडीच शोधते. चार-दोन दिवसांत फरक दिसेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. दात येताना किंवा आजारपणात बसलेली घडी विस्कटतेच.

गुटी, मोहरीची उशी आणि पालथे झोपवणे

जायफळाने गुंगी येते, म्हणूनच ते ‘लागू पडते’. पण उगाळलेल्या वेढ्यात मात्रा किती गेली, हे कुणालाच कळत नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गुटीतला मध तर वर्षभर वर्ज्य; त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही नको. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-दुलईशिवाय झोपवावे. अमेरिकेत १९९४ मध्ये पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाल्यानंतर झोपेतील अचानक बालमृत्यू जवळपास निम्म्याने घटले. पालथे ठेवायचे ते जागेपणी, समोर कुणीतरी बसलेले असताना.

आपल्याकडे बाळ आईच्या कुशीतच झोपते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र किमान सहा महिने खोली एक, पण अंथरूण वेगळे असावे असे सुचवते. आईच्या पलंगालगत पाळणा ठेवला तरी हे साधते. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढणे सर्वांत धोकादायक.

डॉक्टरांकडे कधी?

दुधासाठीही बाळ उठत नसेल, झोपेत श्वास थांबत असेल किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर तातडीने. आणि बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.