ई-मेल स्वयंप्रेषण सेवा : निवड कशी करावी?

तळेगाव दाभाडे येथे आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी बरेच जण चाकण परिसरातील कारखान्यांत पाळीने काम करतात. कामाच्या वेळेत त्यांना फोन घेता येत नाही. विरेचनानंतरच्या संसर्जनक्रमाची सूचना किंवा शरद ऋतूतील शोधनाची आठवण त्यांना ई-मेलने देणे सोयीचे पडते. ठरलेल्या दिवशी हे काम आपोआप करणाऱ्या तीन सेवांचा येथे विचार करू.

'मेलचिंप' ही २००१ साली सुरू झालेली अमेरिकन सेवा. तिची आकारणी मुख्यतः यादीतील नावांच्या संख्येवर होते; पत्रे नकोत असे कळवलेली नावेही, यादीतून काढेपर्यंत, मोजली जातात. 'ब्रेव्हो' (२०२३ पूर्वीची 'सेंडइनब्लू') ही फ्रेंच सेवा पाठवलेल्या पत्रांच्या संख्येवर आकारणी करते. तिच्या विनामूल्य योजनेत दिवसाला ३०० पत्रे जातात. म्हणजे २००० जणांना ऋतुचर्येचे पत्र पाठवण्यास सात दिवस लागतील. त्रैमासिक पत्रासाठी ही गती पुरेशी आहे. 'झोहो कॅम्पेन्स' ही भारतीय कंपनीची सेवा असून तिची भारतातील माहिती-साठवण केंद्रे मुंबई व चेन्नई येथे आहेत. तिच्यात दोन्ही प्रकारच्या योजना मिळतात.

तथापि, दरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. औषधालयाची ग्राहकयादी आणि वैद्याची रुग्णयादी या एक नव्हेत. नावापुढे 'अर्श' किंवा 'वंध्यत्व' असे लिहून यादी चढवली, की रुग्णाचे गुपित तिसऱ्याच्या हाती गेले. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर न सांगण्याचे बंधन चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्यावर घातलेले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानेही संमतीस महत्त्व दिले आहे. म्हणून केसपेपरवरच लेखी संमती घ्यावी, यादीत केवळ नाव व पत्ता ठेवावा आणि व्याधीचा उल्लेख करू नये.

औषधालय-चालकांनी आणखी एक पथ्य पाळावे. मधुमेहासारख्या अनुसूचित व्याधी बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार निषिद्ध आहे. ई-मेलने पाठवल्याने ती निर्दोष ठरत नाही.

आमच्या मते, लहान चिकित्सालयाने पत्रांवर आकारणी करणारी योजना निवडून आरंभ करावा. सेवा पुढे बदलता येते. रुग्णाचा गमावलेला विश्वास मात्र सहजासहजी परत मिळत नाही.