एक पिल्लू, तीन इंजेक्शनं

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिलं भांडण नावावरून होतं. मोती की ब्रूनो, वाघ्या की सिंबा? दुसरं भांडण, ते कुणाच्या खोलीत झोपणार यावरून. मग बाबा त्याला दवाखान्यात नेऊन आणतात आणि सांगतात, "तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. आणि त्यानंतर आणखी एकदा." आजीचा जीव कळवळतो. "एवढुसं ते पोर, त्याला किती वेळा टोचणार?"

आजीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. लस तीच, रोग तेच, मग पुन्हा पुन्हा का? पहिल्या वेळी औषध कमी पडलं म्हणून? छे! पिल्लाच्या आईनंच त्याला एक भेट दिलेली असते, आणि ती भेट लशीच्या आड येते.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, कानही बंद. डोळे उघडायला दहा-पंधरा दिवस लागतात, कान त्यानंतर. तरीही आईचं दूध कुठं आहे ते त्याला बरोबर सापडतं. हे पहिलं दूध साधं नसतं. गाय व्याली की सुरुवातीला दाट, पिवळसर चीक येतो आणि आपण त्याचा खरवस करतो ना? तसा चीक कुत्रीलाही येतो. (त्याचा खरवस करायचा विचारही करू नका. त्यातला थेंबन् थेंब पिल्लांचा.) आईला जे रोग होऊन गेले, ज्यांच्या लशी तिनं घेतल्या, त्या रोगांशी लढायला तिच्या शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं या चिकात भरपूर असतात. गंमत म्हणजे, पिल्लाचं आतडं ही प्रतिपिंडं न पचवता अख्खीच्या अख्खी रक्तात घेऊ शकतं, पण फक्त पहिला एखादा दिवस. त्यानंतर ती वाट बंद होते.

ही प्रतिपिंडं म्हणजे आईनं पिल्लाच्या सोसायटीला उसने दिलेले वॉचमन समजा. चोर दिसला की हाकलला! आता लस म्हणजे काय? रोगाचाच विषाणू, पण दुबळा करून टाकलेला. चोराचं सोंग घेतलेला बहुरूपीच म्हणा. त्यानं आत जावं, सोसायटीतल्या रहिवाशांनी त्याचा चेहरा नीट बघून ठेवावा, म्हणजे पुढं खरा चोर आला तर ते स्वतःच त्याला पकडतील, अशी सगळी योजना. पण गेटवरचे वॉचमन इतके कडक, की बहुरूप्यालाही ते बाहेरच्या बाहेर पिटाळतात. रहिवाशांनी काही पाहिलंच नाही. लस फुकट!

मग वॉचमन निघून जाईपर्यंत थांबावं की! थांबलो असतो, पण ते कधी जाणार हे बाहेरून कळत नाही. इथं थोडं गणित करू. आईकडून आलेली प्रतिपिंडं साधारण दर आठ-दहा दिवसांनी निम्मी होतात. आपण नऊ दिवस धरू. एका धटिंगण पिल्लानं भावंडांना ढकलून पोटभर चीक प्यायला आणि त्याला १०२४ वॉचमन मिळाले. त्याची बारकी बहीण मागं राहिली, तिला १२८ च मिळाले. आकडे मी मनानं घेतलेत, हिशेब मात्र खरा आहे. १०२४ चे ५१२, मग २५६, मग १२८. म्हणजे बहीण जिथून सुरुवात करते तिथं यायला भावाला २७ दिवस लागले! एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली पिल्लं, पण लस लागू पडायचा त्यांचा दिवस जवळजवळ महिन्यानं वेगळा.

यात एक वाईट खाचही आहे. वॉचमन कमी होत होत मध्येच असे काही दिवस येतात, की खऱ्या चोराला अडवण्याएवढे ते उरलेले नसतात, पण बहुरूप्याला हाकलण्याएवढे अजून असतात. रोग होऊ शकतो, लस मात्र लागू पडत नाही. हे दिवस टाळता येत नाहीत, फक्त कमी करता येतात. म्हणून डॉक्टर दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला पहिला डोस देतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत. कुठला तरी डोस बरोबर वेळेवर पडतोच. धटिंगण पिल्लाच्या बाबतीत तो बहुधा शेवटचा असतो, आणि लोक नेमका तोच चुकवतात. "दोन झालेत की, पिल्लू ठणठणीत आहे," म्हणून. माझ्या मते सगळ्या डोसांत हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा.

एवढी घाई कशासाठी, तर पार्व्होसाठी. हा विषाणू कुत्र्यांमध्ये १९७८ च्या सुमारास पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो इतका लहान असतो की एका मिलिमीटरच्या रेघेवर साधारण ४०,००० विषाणू ओळीनं बसतील. पिल्लाच्या आतड्याच्या अस्तरातल्या भराभर वाढणाऱ्या पेशींवर तो हल्ला करतो. उलट्या होतात, रक्ताची शी होते, पिल्लू एक-दोन दिवसांत गळून जातं. वर हा चिवट! मातीत महिनोन् महिने टिकतो, हाताला लावायच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. ब्लीचिंगच्या पाण्यानं मरतो. तो तुमच्या चपलांच्या तळव्यांना चिकटून घरी येऊ शकतो. तेव्हा आई "चपला बाहेर काढ" म्हणून ओरडली, की आता पिल्लासाठी तरी ऐका.

दवाखान्यात नेताना एका डबीत पिल्लाची ताजी शी घेऊन जा. नाकं मुरडू नका, डॉक्टर खूश होतील. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना त्यात जंतांची अंडी शोधता येतात, आणि ती पुष्कळदा सापडतातही. दोन महिन्यांच्या पिल्लाला जंत झाले कधी? जन्मायच्या आधीच! कुत्रीच्या स्नायूंमध्ये गोलजंतांच्या अळ्या झोपून असतात, कधी कधी वर्षानुवर्षं. तिच्या पोटात पिल्लं वाढू लागली की त्या जाग्या होतात आणि थेट पिल्लांच्या अंगात शिरतात. म्हणून जंतांचं औषध पिल्लू दोन आठवड्यांचं असल्यापासूनच सुरू करतात आणि पुन्हा पुन्हा देतात. हे जंत आतड्यात उलट्या दिशेनं सतत पोहत राहून आपली जागा टिकवतात. अनेक औषधं त्यांना मारत बसत नाहीत, फक्त त्यांच्या हालचाली बंद पाडतात. पोहणं थांबलं की जंत शीबरोबर बाहेर! पोट तट्ट फुगलेलं आणि बरगड्या मात्र दिसतायत, असं पिल्लू "खात्यापित्या घरचं" नसतं, बहुधा जंतांचं असतं. याच जंतांची अंडी मातीतून माणसांच्या पोटातही जाऊ शकतात, म्हणून पिल्लाशी खेळून झालं की हात धुवायचे.

डॉक्टरांची तपासणी बघण्यासारखी असते. शहरात खासगी दवाखाना असो की गावातला गुरांचा दवाखाना, पद्धत तीच. आधी वजन. मग हिरडी बोटानं दाबतात. ती पांढरी पडून दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. थर्मामीटर मात्र तोंडात नाही, शेपटीखाली. (हसून घ्या.) काट्यानं १०१ किंवा १०२ फॅरनहाइट दाखवलं तर घाबरू नका, आपल्याला ताप वाटेल तेवढी उष्णता कुत्र्याची रोजचीच असते. मग तोंड उघडून दात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, म्हणून विकणारा "दोन महिन्यांचं आहे" असं ठोकून देतो. पण दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या आसपास यायला लागतात आणि दोन महिन्यांत ते सगळे, म्हणजे २८, आलेले असतात. डॉक्टर मोजतात आणि थाप उघडी पडते.

तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. रेबीजचा विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो, बहुतेक वेळा आठवडे किंवा महिने घेतो. त्याच्या या रेंगाळण्याचा फायदा लुई पाश्चर यांनी उठवला. पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ६ जुलै १८८५ पासून लस टोचायला सुरुवात झाली, विषाणू मेंदूपाशी पोचायच्या आत. तो वाचला. एकदा लक्षणं दिसू लागली, की मात्र वाचणं जवळजवळ अशक्य. गोव्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांना जाळ्यांनी पकडून लस देण्याची मोठी मोहीम झाली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रणात आणणारं देशातलं पहिलं राज्य जाहीर झालं. तुमच्या पिल्लाचा खेळताना दात लागला, तर आई रागावेल म्हणून लपवू नका. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घरी सांगा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता उरली एक अडचण. तीन ते चौदा आठवडे हेच पिल्लाचं जगाशी ओळख करून घ्यायचं वय, आणि नेमकं तेव्हाच लशी पूर्ण नसतात. घरात कोंडलं तर ते पुढं प्रत्येक स्कूटरला घाबरतं. उपाय सोपा आहे: कडेवर घेऊन फिरवा. भाजीवाला, शाळेची बस, कुकरची शिट्टी, लांबून ढोल, सगळं दाखवा, ऐकवा. फक्त पाय जमिनीला नकोत, आणि अनोळखी कुत्र्यांशी गळाभेट नको. शेवटच्या डोसनंतर किती दिवस थांबायचं ते डॉक्टर सांगतील, मग पट्टा लावून खुशाल रस्त्यावर.

त्याच सुमाराला तुम्हाला घरात एखादं इवलंसं टोकदार पांढरं काहीतरी सापडेल. तो दुधाचा दात! चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि त्यांच्या जागी ४२ नवे येतात. बरेचसे पिल्लू जेवता जेवता गिळून टाकतं, त्यामुळे सापडलाच तर तुमचं नशीब. यासाठी दवाखान्यात धावायची काही गरज नाही. धुऊन कंपासपेटीत ठेवा आणि वर्गात दाखवा.