स्ट्रॅटफर्डचे दोन जॉन

इंग्रज माणूस आपली वंशावळ काढायला चर्चची दप्तरं कशी चाळतो, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. मराठी वाचकाला हे तसं नवं नाही. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी क्षेत्रोपाध्यायांना गाव-आडनाव सांगितलं की ते वही उघडून पणजोबांची सही दाखवतात. पण साम्य इथेच संपतं. उपाध्यायांची वही घराण्यावार असते, इंग्लंडातलं पॅरिश रजिस्टर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीची वही, तारखेवार. त्याला घराणं ठाऊकच नाही. अमक्या दिवशी अमक्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला, तमक्याला पुरलं, एवढंच ते सांगतं. या सुट्या ओळींमधून बाप, लेक, नातू अशी माळ ओवायची ती शोधणाऱ्याने, आणि चुकायला सगळा वाव तिथेच.

पद्धत सुरू झाली ५ सप्टेंबर १५३८ रोजी, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने. प्रत्येक पॅरिशने एक वही ठेवायची, आठवड्याभरातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं रविवारी चर्चवॉर्डनांसमक्ष लिहायची, वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची आणि हयगय झाली तर ३ शिलिंग ४ पेन्स दंड. लोकांना दाट संशय आला की यामागे नवा कर आहे. दोन वर्षांनी क्रॉमवेलचं डोकं उडवलं गेलं, वह्या मात्र चालू राहिल्या. सुरुवातीच्या बऱ्याच नोंदी कागदावर होत्या. कागद दमटला, उंदरांनी खाल्ला. म्हणून १५९८ मध्ये एलिझाबेथ राणीच्या मंजुरीने फर्मान निघालं की जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्या, निदान राणी गादीवर आल्यापासूनच्या तरी. या ‘निदान’चा फायदा अनेकांनी घेतला. कितीतरी पॅरिशांची रजिस्टरं १५५८ पासून सुरू होतात आणि आधीची वीस वर्षं गायब असतात, ती अशी.

स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या होली ट्रिनिटी चर्चचं रजिस्टरही १५५८ पासूनच आहे. वंशावळीच्या धंद्यातले सगळे खाचखळगे एकाच घराण्यात पाहायचे असतील तर हे रजिस्टर घ्यावं आणि घराणं घ्यावं शेक्सपिअरचं. इतक्या विद्वानांनी इतकी वर्षं दुसरं कुठलं कुटुंब पिंजून काढलेलं नसेल.

२६ एप्रिल १५६४ ची ती प्रसिद्ध ओळ लॅटिनमध्ये आहे: जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम. आईचं नाव नाही, जन्मतारीख नाही. २३ एप्रिल हा जो जन्मदिन साजरा होतो तो बाप्तिस्म्यावरून मागे मोजून काढलेला अंदाज आहे. ओळीच्या बाजूला तीन फुल्या आहेत, त्या पुढच्या काळातल्या कुणा भक्ताने मारलेल्या. मला खरं अडकवलं ते पानाच्या तळाशी असलेल्या सहीने. सही व्हिकर रिचर्ड बायफील्डची, सोबत चर्चवॉर्डनांची नावं. बायफील्ड स्ट्रॅटफर्डला आला १५९७ च्या सुमारास. मग १५६४ च्या पानावर त्याची सही कशी? कारण हे पान १५६४ चं नाहीच. १६०० च्या आसपास कुणीतरी जुन्या वहीवरून सगळं चर्मपत्रावर उतरवलं आणि प्रत बरोबर आहे म्हणून व्हिकरने पानोपान सही ठोकली. म्हणजे जगातली बहुधा सर्वांत जास्त पाहिली गेलेली बाप्तिस्म्याची नोंद ही नक्कल आहे. मूळ वही राहिलेली नाही. नक्कल करणाऱ्याची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरली असेल तर ते पकडायला आपल्याकडे काहीही नाही.

त्याच वर्षी ११ जुलैला एका विणकराचा उमेदवार ऑलिव्हर गन याचं दफन लिहिलं आहे. शेजारी तीन लॅटिन शब्द आहेत, त्यांचा आशय असा की प्लेग इथे सुरू झाला. वर्षअखेरपर्यंत त्या छोट्या गावात २०० हून अधिक माणसं पुरली गेली. अडीच महिन्यांचा विल्यम वाचला.

आता जॉनकडे येऊ. निकोलस रो याने १७०९ मध्ये कवीचं पहिलं चरित्र लिहिलं आणि बापाला दहा मुलं असल्याचं सांगितलं. रजिस्टरात जॉन शेक्सपिअरची मुलं मोजली तर आकडा फुगतोच, कारण १५८९ ते १५९१ मध्ये उर्सुला, हम्फ्री आणि फिलिप अशी आणखी तीन आहेत. पण गावात त्याच नावाचा दुसरा एक जॉन होता, धंद्याने चांभार. कवीचा बाप हातमोजे करणारा. हे दोघे वेगळे काढायचे कसे? हातमोजेवाला जॉन १५६८ मध्ये गावचा बेलिफ, म्हणजे नगराध्यक्ष झाला. पुढे त्याच्या मुलांच्या नोंदींत बापाच्या नावामागे मानाची उपाधी लागते. उर्सुला, हम्फ्री आणि फिलिपच्या बापाला ती नाही. म्हणून ती मुलं चांभाराची. एवढ्याशा उपाधीवर तीन भावंडं एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवली जातात. हे काम मला रहस्यकथेपेक्षा सरस वाटतं. बेलिफ न झालेल्या दोन जॉनांचं काय होत असेल, हा विचार मात्र मनातून जात नाही.

अशीच गोष्ट जोनची. १५ सप्टेंबर १५५८ ला जॉनची मुलगी जोन हिचा बाप्तिस्मा. १५ एप्रिल १५६९ ला पुन्हा जॉनची मुलगी जोन. पहिलीच्या दफनाची नोंद कुठेही सापडत नाही, तरी ती लहानपणीच गेली असं सगळे धरतात, कारण गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची रीत होती. म्हणजे इथे मृत्यूचा पुरावा काय, तर धाकट्या बहिणीचं बारसं.

तारखाही सरळ नाहीत. कवीची थोरली मुलगी सुझॅना हिचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ चा. हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्यांचा, रजिस्टरात, २ फेब्रुवारी १५८४ चा. आजच्या हिशेबाने वाचलं तर दोन बाळंतपणांत जेमतेम आठ महिने. पण तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, तेव्हा तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १५८५ चा. ही पद्धत १७५२ पर्यंत चालली. जानेवारी ते २४ मार्चमधल्या जुन्या तारखा दोन-दोन सालांनिशी लिहायची शिस्त ज्याने पाळली नाही, त्याच्या वंशावळीत लग्नाआधी जन्मलेली आणि आईच्या मरणानंतर जन्मलेली बाळं हमखास निघतात.

लग्नाची नोंद तर स्ट्रॅटफर्डला नाहीच. ती शोधायला वूस्टरच्या बिशपचं दप्तर उघडावं लागतं. तिथे २७ नोव्हेंबर १५८२ ला विल्यमला लग्नाचा परवाना मिळाला, वधू टेंपल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हेटली. दुसऱ्याच दिवशी दोन शेतकऱ्यांनी ४० पौंडांचा जामीन लिहून दिला, त्यात वधू स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे. यावरून दोन प्रेयसींमध्ये सापडलेल्या कवीच्या कथा रचल्या गेल्या. साधं उत्तर बहुधा असं आहे की त्याच सुमारास त्या कचेरीत कुणा व्हेटलीचा खटला चालू होता आणि कारकुनाच्या लेखणीतून तेच आडनाव उतरलं. आणि या अ‍ॅनचा स्वतःचा बाप्तिस्मा? ती १५५६ च्या आसपासची, रजिस्टर १५५८ चं.

एवढा उजेड असलेल्या घराची ही कथा. साध्या शेतमजुराच्या घराण्यात शिरायचं तर आधी अक्षरच आडवं येतं. सोळाव्या शतकातल्या त्या लिपीत ‘ई’ उलटा, ‘सी’ आजच्या ‘आर’सारखा. ते जमलं की काळाचे खड्डे लागतात. यादवी युद्धात आणि क्रॉमवेलच्याच घराण्यातल्या ऑलिव्हरच्या राजवटीत, १६४२ ते १६६० या काळात, कित्येक वह्या कोऱ्या राहिल्या. कॅथलिक, बॅप्टिस्ट, क्वेकर यांची मुलं पॅरिशच्या वहीत येतीलच असं नाही. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसला, त्यातून गरिबांना सूट होती, म्हणून त्या दहा-अकरा वर्षांत गावात अचानक गरीब वाढलेले दिसतात. १८१३ पासून छापील नमुना आला, त्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण लिहावं लागे. जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. तिथून मागे जाणारा माणूस पहिली पन्नास-साठ वर्षं झपाट्याने कापतो आणि मग एकाच पॅरिशमध्ये एकाच दशकातले चार जॉन स्मिथ त्याची वाट पाहत असतात.

अशा वेळी मदतीला येतो तो पॅरिशचा कंजूषपणा. १६६२ च्या कायद्याने गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या ‘मूळ’ पॅरिशवर टाकली. त्यामुळे परका माणूस मदत मागायला आला की त्याची शपथेवर उलटतपासणी व्हायची: जन्म कुठला, उमेदवारी कुणाकडे केलीस, शेवटची वर्षभराची चाकरी कुठे? आणि मग परतीचा हुकूम. माणूस हाकलता यावा म्हणून लिहिलेला हा कागद आज त्याच्या खापरपणतवाला कुठल्याही रजिस्टरपेक्षा जास्त सांगतो. श्रीमंतांची मृत्युपत्रं असतात, तळातल्यांचे हे जबाब असतात. मधला, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस सगळ्यांत लवकर हरवतो.

आता बरीचशी रजिस्टरं घरबसल्या पडद्यावर दिसतात, स्वयंसेवकांनी लाखो ओळी उतरवून दिल्या आहेत. सोय मोठी आहे आणि धोकाही तिच्यातच आहे. शोधाच्या चौकटीत नाव टाकलं की एक जॉन पुढे येतो, साल जुळतं, मन भरतं. तो जॉन दोन वर्षांचा असताना वारला, हे त्याच वहीत दफनांच्या पानावर लिहिलेलं असतं. ते पान कुणी उलटत नाही. मग तीच वंशावळ दुसरा उतरवून घेतो, त्याची तिसरा, आणि चार जणांनी लिहिलंय म्हणजे खरं असणार, असं ठरतं.

काही घराण्यांचा धागा समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो. ईस्ट इंडिया कंपनीचे पाद्री मुंबईतले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लिहून त्यांच्या नकला लंडनला पाठवत. फोर्टातलं सेंट थॉमस १७१८ मध्ये उघडलं, त्याच्याही आधीपासूनच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत एखाद्या शिपायाच्या किंवा अधिकाऱ्याच्या मुलाचा बाप्तिस्मा मिळतो, बापाची पलटण मिळते, आणि आई इथली असेल तर तिची जागा पुष्कळदा रिकामी. फार तर ख्रिस्ती केल्यावरचं एखादं नाव. रजिस्टर इथून पुढे नेत नाही. मग बापाचं मृत्युपत्र शोधायचं. ते मिळालंच, तर त्यात कधीकधी तिचं नाव असतं, इंग्रज कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, आणि तिला दरमहा किती रुपये द्यावेत तो आकडा.