सोनेरी पूड आणि पोलाद

लग्नपत्रिकेवरील सोनेरी अक्षरांत किंवा तसबिरीच्या सोनेरी चौकटीत बहुधा सोन्याचा कणही नसतो. त्यांतील रंगद्रव्य म्हणजे तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूची, अर्थात पितळेची, अतिसूक्ष्म पूड होय. व्यापारात तिला ‘ब्राँझची पूड’ असे म्हणतात. तांब्याचे प्रमाण वाढविल्यास तिची छटा तांबूस होते. जस्ताचे वाढविल्यास ती फिकट पिवळी दिसते. परंतु धातू नुसता बारीक केल्याने असे रंगद्रव्य तयार होत नाही. ओबडधोबड कणांवर पडलेला प्रकाश वाटेल त्या दिशेने विखुरतो आणि पूड मळकट दिसते. कण अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे चपटे असतील, तरच ते वार्निशाच्या थरात कौलांप्रमाणे एकमेकांवर आडवे पसरतात व असंख्य लहान आरशांसारखे प्रकाश परावर्तित करतात. ही साधी वाटणारी गोष्ट एकोणिसाव्या शतकात एका मोठ्या उद्योगाचा पाया ठरली आणि त्या उद्योगातील पैशावर पुढे पोलादाचे युग उभे राहिले.

या उद्योगाचा जनक हेन्री बेसेमर (१८१३-१८९८) हा इंग्लंडमधील हार्टफर्डशर परगण्यातील चार्लटन या खेड्यात जन्मला. त्याच्या वडिलांचा छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना होता आणि धातुकामाचे धडे त्याला तेथेच मिळाले. तरुणपणी त्याने सरकारी मुद्रांकांच्या खोटेपणास आळा घालणारी एक युक्ती शोधून काढली. सरकारने ती स्वीकारली. मोबदला मात्र काहीच दिला नाही. या कामाची दखल म्हणून त्याला ‘सर’ हा किताब मिळाला तो थेट १८७९ मध्ये. शोध उघड केला की तो हातचा जातो, हा धडा त्याच्या मनावर कायमचा कोरला गेला.

१८४० च्या सुमारास त्याच्या बहिणीने आपल्या फुलांच्या चित्रसंग्रहावर सोनेरी अक्षरे काढून देण्यास त्याला सांगितले. त्यासाठी पूड विकत घेताना औंसाला सात शिलिंग, म्हणजे रत्तलाला ११२ शिलिंग, मोजावे लागले. पितळेसारख्या स्वस्त धातूची पूड इतकी महाग का, हे कोडे त्याला पडले. शोध घेता असे आढळले की ही पूड जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे हातांनी तयार होते. आपल्याकडे वर्ख कुटतात त्याप्रमाणे तेथील कारागीर पितळेचे पातळ पान होईपर्यंत ते कुटीत. मग त्या पानांचे तुकडे मधात कालवून दगडावर वाटीत आणि शेवटी मध धुऊन काढून पूड वाळवीत. किंमत होती ती धातूची नव्हे, श्रमांची.

हे श्रम यंत्राकडे सोपविण्याचा बेसेमरचा पहिला प्रयत्न फसला. धातू खरवडून त्याने पूड तर काढली, पण तिला चकाकी येईना. काही काळाने सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पुडी शेजारी ठेवून पाहिल्यावर कारण उमगले. न्यूरेंबर्गच्या पुडीचे कण चपट्या पापुद्र्यांचे होते. त्याच्या पुडीचे कण वळलेले व वेडेवाकडे होते. मग खरवडलेला कीस रुळांमधून दाबून चपटा करायचा, कणांना परस्परांवर घासून झिलई आणायची आणि हवेच्या झोताने बारीक-जाड कण वेगळे करायचे, अशी यंत्रमालिका त्याने आखली.

आता प्रश्न होता संरक्षणाचा. एकस्व, म्हणजे पेटंट, घेतल्यास चौदा वर्षे मक्तेदारी मिळाली असती. पण कृती जाहीर करावी लागली असती आणि बंद दाराआड चालणारी नक्कल सिद्ध करणे अवघड होते. म्हणून त्याने गुप्ततेचा मार्ग पत्करला. यंत्रांचे निरनिराळे भाग त्याने निरनिराळ्या शहरांतील कारखान्यांकडून करवून घेतले, त्यामुळे संपूर्ण यंत्र कसे असेल हे कोणालाच कळले नाही. लंडनच्या सेंट पँक्रस भागातील बॅक्स्टर हाउस येथे जुळणी झाली. वाफेवर चालणारी ही यंत्रे शक्य तितकी स्वयंचलित होती व आतले काम पत्नीच्या तीन भावांवरच सोपविलेले होते. हे गुपित काही दशके टिकले. पुडीचा भाव अखेर रत्तलाला अडीच शिलिंगांपर्यंत, मूळ किमतीच्या चाळिसाव्या हिश्शाहूनही खाली, उतरला आणि तरीही नफा होत राहिला.

हाच नफा बेसेमरचे संशोधनभांडवल बनला. क्रिमियाच्या युद्धकाळात तोफांसाठी अधिक मजबूत धातूचा विचार करताना वितळलेल्या बिडातून हवा फुंकण्याचे प्रयोग त्याने बॅक्स्टर हाउसमध्येच केले. हवेतील ऑक्सिजनने बिडातील कार्बन व सिलिकॉन जळतात आणि त्या ज्वलनाच्या उष्णतेमुळेच धातू वितळलेला राहतो. वेगळे जळण लागत नाही. ऑगस्ट १८५६ मध्ये चेल्टनम येथे त्याने हा शोध जाहीर केला. येथे गुप्ततेचा उपयोग नव्हता. पूड एका घरात मावत होती. पोलादाला साऱ्या देशातील भट्ट्या हव्या होत्या. त्याने एकस्वे घेतली व परवाने विकून २७,००० पौंड मिळविले.

परंतु परवानाधारकांच्या हाती ठिसूळ धातूच आला आणि बेसेमरची सर्वत्र नाचक्की झाली. त्याने योगायोगाने वापरलेल्या ब्लेनावॉनच्या बिडात फॉस्फरस अत्यल्प होता. इतरांच्या बिडात तो भरपूर होता. कारण शोधण्यात पैसा व काळ खर्ची पडला. रॉबर्ट मशेटने सुचविलेल्या मँगनीजयुक्त लोखंडाने अतिरिक्त ऑक्सिजनचा दोष दूर झाला, तर स्वीडनमध्ये यरान्सनने १८५८ मध्ये शुद्ध खनिजाच्या बिडापासून उत्तम पोलाद काढून दाखविले. फॉस्फरसयुक्त बिडाचा प्रश्न टॉमस व गिलख्रिस्ट यांनी १८७८-७९ च्या सुमारास भट्टीला चुनखडीयुक्त अस्तर देऊन सोडविला.

पुडीचे गुपित एका कुटुंबाने राखले, म्हणून अपयशाची ही वर्षे निभावून नेण्याइतका पैसा बेसेमरजवळ होता. पोलादाची पद्धत मात्र उघड झाली, म्हणूनच तिच्यातील दोष इतरांच्या भट्ट्यांत दिसून आले आणि इतरांनीच ते दुरुस्त केले. नव्या उद्योगाला आरंभी आडोसा लागतो. शोध मोठा असेल, तर पुढे त्याच आडोशाबाहेर यावे लागते.