बेंबीभोवतालचें दुखणें

शाळेची वेळ झाली, कीं मूल बेंबीवर हात धरून बसतें. तासाभरानें तेंच खेळूं लागतें. आजी हिंगाचा लेप लावतात, काकू बेंबी सरकल्याचें सांगतात, वडील 'सोंग' म्हणून रागावतात. डॉक्टरांच्या तपासणींत कांहींच सांपडत नाहीं.

परंतु दोष न सांपडणें म्हणजे दुखणें खोटें असणें नव्हे. लहान आंतड्याची वेदना बेंबीपाशींच जाणवते. तेथील मज्जातंतु अधिक हळवे झाले, कीं साधा वायूहि कळ आणतो, आणि चिंतेनें ती वाढते. इ. स. १९५८ मध्यें अ‍ॅप्ले व नेश या डॉक्टरद्वयानें इंग्लंडांतील १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत सुमारें दहांतील एका मुलास असें वारंवार दुखत असल्याचें आढळलें.

वजन घटणें, झोंपेंतून उठविणारी कळ, ताप, शौचांत रक्त, हिरवी ओकारी, किंवा उजव्या ओटीपोटांत सरकलेली वेदना, यांपैकीं कांहींहि दिसल्यास मात्र विलंब न लावतां डॉक्टर गांठावा. एरवीं मुलास जवळ घ्यावें, शेक द्यावा आणि शाळेंत धाडावें. 'सोंग' हा शब्द तेवढा घरांत उच्चारूं नये. मूल पोटदुखीहून त्यानेंच अधिक दुखावतें.